स्विचला स्वतःचं इंटरनेट कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मॅनेज्ड स्विचला स्वतःचं इंटरनेट द्या, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की स्विच (नेटवर्कमधली यंत्रं केबलने एकमेकांना जोडणारा डबा) लेयर २ वर, म्हणजे यंत्रांचे हार्डवेअर पत्ते बघून चालतो, त्याला आयपी पत्ता लागतच नाही, राउटरची केबल लावली की काम झालं. मी उगाच बाऊ केला आणि वर स्विचला इंटरनेट देऊन चोरांना दार उघडून दिलं.

घरातल्या पाच पोर्टच्या साध्या स्विचबाबत तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. हे लेखात सुरुवातीलाच यायला हवं होतं, राहून गेलं.

पण लेख मॅनेज्ड स्विचचा, म्हणजे ज्यात लॉगिन करून सेटिंग बदलता येतात अशा स्विचचा होता. त्याच्यातून जाणारा इतरांचा ट्रॅफिक वेगळा आणि त्याचा स्वतःचा वेगळा. एका शाळेत मला बोलावलं होतं, तिथे सिस्कोचा जुना कॅटॅलिस्ट ३५६० स्विच आहे. लॅबमधल्या मुलांचं इंटरनेट चालू, पण मध्येच लिंक तुटायची. सेवा देणाऱ्यांनी विचारलं, नेमकी किती वाजता तुटते? स्विचचा लॉग (घडामोडींची नोंद) उघडला तर प्रत्येक ओळीच्या आधी चांदणी (*) आणि पुढे १ मार्च. महिना जूनचा! या स्विचमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. वीज जाऊन आली की तो १ मार्च १९९३ पासून मोजायला लागतो. चांदणीचा अर्थच असा की ही वेळ भरवशाची नाही. नेटवर्कवरून अचूक वेळ देणाऱ्या एनटीपी सर्व्हरचा पत्ता घातलेला होता, पण तिथवर पोचणार कसा? स्विचवरून ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला पिंग केलं, म्हणजे उत्तर येतं का ते पाहिलं; ओळीने पाच टिंबं आली, एकही उत्तर नाही.

कॉन्फिगमध्ये (स्विचच्या सेटिंगमध्ये) 'आयपी डीफॉल्ट-गेटवे' ची, म्हणजे बाहेर जायचा रस्ता सांगणारी ओळ होती, पत्ताही बरोबर होता. मात्र कुणीतरी 'आयपी राउटिंग', म्हणजे स्विचने स्वतःच राउटरसारखे रस्ते ठरवायची सोय, चालू केलेलं होतं. ते चालू असलं की स्विच डीफॉल्ट-गेटवेची ओळ बघतही नाही. एररही येत नाही, म्हणून तर माणूस तासन्‌तास केबली बदलत बसतो. तिथे 'आयपी रूट ०.०.०.० ०.०.०.०' आणि पुढे राउटरचा पत्ता द्यावा लागतो. तो दिला, राउटरच्या नॅटमध्ये (आतले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलणाऱ्या भागात) मॅनेजमेंट व्हीलॅनचा, म्हणजे स्विच सांभाळण्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या नेटवर्कचा सबनेट (पत्त्यांचा गट) घेतला, आणि टिंबांच्या जागी पाच उद्गारचिन्हं आली. थोड्या वेळाने चांदणीही गेली.

सुरक्षेचा मुद्दा मला पटला, आणि तो टोचलाही, कारण मी त्यावर एक ओळही लिहिली नव्हती. स्विचला बाहेर जाऊ देणं आणि बाहेरच्याला आत येऊ देणं यात फरक आहे. दुसरं कधीच नको. फायरवॉलवर स्विचच्या पत्त्याला फक्त डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) आणि एनटीपीची, म्हणजे ५३ आणि १२३ या पोर्टांची परवानगी द्या. दुरून लॉगिन करायचं असुरक्षित टेलनेट बंद, त्याच कामाचं सुरक्षित एसएसएच फक्त मॅनेजमेंट व्हीलॅनमधून. राउटरच एनटीपी देत असेल तर वेळेसाठी स्विचला बाहेर पाठवायची गरजच नाही, हे तुमच्या बाजूने.

क्लाउडवरून चालणाऱ्या स्विचला मात्र बाहेर जावंच लागतं, बहुतेक वेळा ४४३ या पोर्टवरून. त्याचंही घड्याळ चुकलेलं असेल तर सर्टिफिकेट पडताळणी फसते आणि जोडणी होत नाही.

लेखात साध्या स्विचचा खुलासा आणि फायरवॉलचा भाग आज घालतो आहे. तुमच्याकडे लेयर ३ स्विच, म्हणजे राउटिंगही करणारा स्विच असेल तर एकदा 'शो आयपी रूट' देऊन बघा. वरच 'गेटवे ऑफ लास्ट रिझॉर्ट इज नॉट सेट' (बाहेरचा रस्ता ठरवलेलाच नाही) असं आलं तर इथे कळवा, पुढचं आपण मिळून बघू.