खुलासा : थॉमस रिनिंग आणि ॲरिझोना रेंजर्स

‘ॲरिझोना रेंजर्स हे राज्य पोलीस दल थॉमस रिनिंग यांनी उभारलं आणि तिथूनच ते युमाच्या तुरुंगाचे प्रमुख झाले’ असा मजकूर फिरतो आहे. त्यातला तुरुंगाचा भाग बरोबर, बाकी गोंधळ.

मुळात अमेरिकेतलं ॲरिझोना तेव्हा राज्यच नव्हतं, तर केंद्राच्या अखत्यारीतला प्रदेश (टेरिटरी) होतं. ते झालं 14 फेब्रुवारी 1912 ला. रेंजर्स स्थापन झाले 1901 मध्ये आणि पहिले कॅप्टन होते बर्टन मॉसमन. रिनिंग आले 1902 मध्ये. संख्याबळाचे आकडेही लोक मिसळतात: सुरुवातीला कॅप्टन, एक सार्जंट आणि 12 शिपाई, म्हणजे 14; 1903 च्या कायद्याने 26 (कॅप्टन, लेफ्टनंट, 4 सार्जंट, 20 शिपाई). वाढीव दल रिनिंग यांच्या काळातलं, म्हणून श्रेयही त्यांच्याच खात्यात जमा होतं.

जून 1906 मध्ये मेक्सिकोतल्या कनानेआ इथल्या खाणसंपाच्या वेळी रिनिंग यांनी केलेली स्वारीही ‘दलाची कारवाई’ नव्हे. त्यांच्यासोबत सीमेपलीकडे गेले ते स्वयंसेवक.

1907 मध्ये रेंजर्सची सूत्रं हॅरी व्हीलरकडे गेली आणि रिनिंग युमाला. कैदी तिथून फ्लॉरेन्सच्या नव्या तुरुंगात हलवले ते त्यांच्याच देखरेखीखाली. सप्टेंबर 1909 मध्ये युमाचा तुरुंग बंद झाला. रेंजर्स तर त्याच वर्षी फेब्रुवारीत बरखास्त झाले होते.