पिक्चर बिघडला की शिव्या दिग्दर्शकालाच का?

सुपरहिरोचा पिक्चर पडला की आपल्याकडं पहिली शिवी दिग्दर्शकाला बसते. 'ह्याला जमतच नाही', 'ह्याच्याकडं पिक्चर दिलाच कशाला'. परवा आमच्या ग्रुपवर जस्टिस लीगचा, म्हणजे सुपरमॅन, बॅटमॅन वगैरे एकत्र येतात त्या पिक्चरचा विषय निघाला आणि दोघा-तिघांनी मिळून झॅक स्नायडरला धुऊन काढलं, तेही २०१७ च्या पिक्चरवरून. मी तिथं चार ओळी लिहिल्या, पण तेवढ्यात भागणारा हा विषय नाही. म्हणून इथं सविस्तर लिहितोय. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

२०१७ च्या त्या पिक्चरवर दिग्दर्शक म्हणून एकट्या स्नायडरचं नाव आहे. त्या वर्षी मार्चमध्ये त्यांची मुलगी ऑटम गेली. मे महिन्यात त्यांनी काम सोडलं. पुढचं काम जॉस व्हीडन या दुसऱ्या दिग्दर्शकाकडं गेलं आणि त्यांनी कितीतरी सीन नव्यानं लिहून नव्यानं शूट केले. वॉर्नर ब्रदर्स या स्टुडिओला पिक्चर दोन तासांत बसवून हवा होता, तसा तो बसवला. संगीतकार बदलला. टॉम होल्केनबोर्ग गेले, डॅनी एल्फमन आले. अंधारे, करडे रंग उजळ केले. राहिली सुपरमॅन झालेल्या हेन्री कॅविलची मिशी. त्यानं ती दुसऱ्या स्टुडिओच्या पिक्चरसाठी वाढवली होती आणि तो स्टुडिओ ती काढू देईना. मग रीशूटमधल्या सीनमध्ये ती कॉम्प्युटरवर पुसली.

मी कोल्हापुरात राजारामपुरीत एडिटिंग करतो. लग्नं, जाहिराती, शॉर्टफिल्म, येईल ते काम. त्यामुळं या पिक्चरचा अगदी पहिला सीन मला अजून खुपतो. लहान पोरं मोबाईलवर सुपरमॅनचं शूटिंग करत त्याला प्रश्न विचारतायत. तो बोलतो, हसतो, आणि नाक ते वरचा ओठ एवढी जागा मेण ओतल्यासारखी सपाट दिसते. गाल हलतात, ती जागा त्यांच्याबरोबर हलत नाही. एडिटरच्या टेबलावर पहिल्या सीनला सगळ्यात जास्त जपतात, कारण प्रेक्षक तिथं विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवत असतो. असा सीन पिक्चरच्या तोंडावर तसाच जातो तेव्हा एक गोष्ट सरळ कळते. रिलीजची तारीख आधी ठरली होती आणि बाकी सगळं त्या तारखेच्या मागं फरफटत आलं.

मग १८ मार्च २०२१ ला स्नायडरचा स्वतःचा पिक्चर आला. चार तासांचा, जुन्या टीव्हीसारख्या चौकोनी फ्रेममधला. तो निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. स्लो मोशन जरुरीपेक्षा जास्त आहे आणि शेवट संपता संपत नाही. पण सायबॉर्ग या अर्धा माणूस, अर्धा मशीन असलेल्या हिरोचं काय झालंय ते बघा. २०१७ मध्ये हा पोरगा नुसता गोष्ट पुढं ढकलायला होता, मशीन चालवायला लागलं की त्याला बोलवायचं. २०२१ मध्ये त्याची पूर्ण गोष्ट आहे. त्यात एक छोटा सीन आहे. जगातलं कुठलंही कॉम्प्युटर आपण उघडू शकतो हे त्याला नुकतंच कळलंय. त्याला एक हॉटेलात वाढपी काम करणारी बाई दिसते, पोरं पदरात, खात्यात पैसे नाहीत. आणि तो तिच्या खात्यात पैसे टाकतो. ती एटीएमसमोर उभी राहून स्क्रीनकडं बघतच राहते. एवढाच सीन. मारामारी नाही, इमारत पडत नाही. पण अंगात लोखंड भरलेला, बापावर चिडलेला हा मुलगा आतून कसा आहे ते तिथं समजतं. दोन तासांचं गणित जमवताना असलाच सीन आधी उडतो, कारण त्याच्याशिवाय कथा 'चालते'. मी हे रोज बघतो. जो सीन काढला तर कथा अडत नाही, त्याच्यातच बहुतेक वेळा माणूस असतो.

दोन्ही पिक्चरवर नाव त्याच माणसाचं. ज्यांनी फक्त पहिला बघितला त्यांनी आयुष्यभराचा निकाल देऊन टाकला.

हे काही नवीन नाही. रिचर्ड डोनर यांनी १९७० च्या दशकात सुपरमॅनचे पहिले दोन भाग बरोबरच शूट करायला घेतले. पहिला १९७८ ला आला आणि जगभर चालला. तरी दुसरा भाग अर्ध्याहून जास्त शूट झालेला असताना निर्मात्यांशी असलेल्या भांडणातून त्यांना काढलं आणि रिचर्ड लेस्टर यांना आणलं. सुपरमॅनच्या बापाचं काम करणाऱ्या मार्लन ब्रँडोंच्या मानधनाचा वाद होता, म्हणून त्यांचे शूट झालेले सीनच गाळले. बाप मुलाला जे सांगतो ते आईच्या तोंडी गेलं. डोनर यांनी ठरवला होता तसा पिक्चर लोकांना बघायला मिळाला २००६ साली.

मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते सॅम रायमीच्या तिसऱ्या स्पायडरमॅनचं. २००७. पहिले दोन या माणसानं जीव ओतून केले होते. तिसऱ्यात त्याला सँडमॅन या वाळूच्या खलनायकाची गोष्ट सांगायची होती. व्हेनम हा दुसरा खलनायक त्याला मनापासून आवडत नव्हता, निर्माते अवी अराद यांच्या आग्रहानं तो आला, हे दोघंही नंतर बोललेत. पिक्चर पुन्हा लावा आणि सँडमॅन जन्मतो तो सीन बघा. वाळूचे कण सरकतात, ढीग होतो, त्यातून हाताचा आकार येतो, ढासळतो, पुन्हा येतो. समोर त्याच्या आजारी मुलीचा फोटो असलेलं लॉकेट पडलंय. तो ते उचलायला जातो आणि बोटंच विरघळतात. एक शब्द नाही, फक्त वाळू आणि संगीत. सुपरहिरो पिक्चरमध्ये याहून सुंदर मिनिटं मी फार कमी बघितली आहेत. आणि त्याच पिक्चरमध्ये शेवटी व्हेनम घाईघाईनं येतो, दात दाखवतो, मरतो. एकाच पिक्चरमध्ये एका बाजूला माणसाचं मन आणि दुसऱ्या बाजूला दुकानाची मागणी, दोन्ही शेजारी दिसतात. चौथा भाग जानेवारी २०१० मध्ये बंदच पडला.

दुकान मी उगाच म्हणत नाही. १९९७ चा बॅटमॅन अँड रॉबिन करताना खेळणी खपतील असा पिक्चर द्या, असं वरून सांगितलं होतं, हे दिग्दर्शक जोएल शुमाकर यांनी स्वतः सांगितलंय. त्यानंतर बॅटमॅन पडद्यावर यायला २००५ उजाडलं. आयर्नमॅन ३ च्या आधीच्या स्क्रिप्टमध्ये मुख्य खलनायक बाई होती. बाईचं खेळणं खपत नाही म्हणून ती बदलायला लावली, असं दिग्दर्शक शेन ब्लॅक यांनी मुलाखतीत सांगितलं. रिबेका हॉलसारख्या नटीचं पात्र मग अर्ध्या वाटेवर मारलं गेलं. म्हणजे गोष्टीत कोण कुणाला मारणार हे प्लॅस्टिकच्या बाहुलीच्या हिशोबावर ठरलं. मला या गोष्टीचा खरोखर संताप येतो.

ग्रुपवर एका मित्राचं म्हणणं होतं, "दादा, पैसे ज्याचे, पिक्चर त्याचा. वीस-पंचवीस कोटी डॉलर लावायचे आणि गप्प बसायचं का?" मुद्दा खरा आहे आणि त्याला टाळून पुढं जाता येणार नाही. मार्व्हल उभं राहिलं ते केविन फायगी या निर्मात्याच्या हातावर, एकेका दिग्दर्शकाच्या नाही. आणि दिग्दर्शकाला मोकळं सोडलं की सोनंच होतं असंही नाही. जोकर पिक्चरच्या पहिल्या भागानं कमी खर्चात शंभर कोटी डॉलरच्या वर धंदा केला. दुसऱ्याला त्याच दिग्दर्शकाला, टॉड फिलिप्सना, भरपूर पैसा आणि मोकळीक मिळाली, आणि २०२४ मध्ये तो सपाटून आपटला. मी स्वतः दुसरा भाग अर्धा बघून उठलो.

तेव्हा माझं म्हणणं निर्मात्यानं तोंड उघडू नये असं नाही. तालमीत वस्ताद महिनोन् महिने पैलवानाला घडवतो, डाव बदलायला लावतो, नको त्या कुस्तीला पाठवतच नाही. पण एकदा खासबागेच्या मातीत जोडी लागली की वस्ताद स्वतः आत उडी मारून पैलवानाचा हात धरत नाही. स्टुडिओनं स्क्रिप्ट नाकारावी. बजेट कापावं. दिग्दर्शक पटत नसेल तर आधीच दुसरा घ्यावा. एडगर राइट यांनी अँटमॅनवर कित्येक वर्षं काम केलं आणि जमेना तेव्हा मे २०१४ मध्ये, शूटिंगच्या आधी, ते बाजूला झाले. आपण एक वेगळा पिक्चर गमावला याचं मला दुःख आहे, पण त्यात फसवणूक नाही. पेटन रीडनं केला, पेटन रीडचं नाव लागलं. फसवणूक होते ती माणसाला शब्द देऊन, अर्धा पिक्चर शूट करवून, मग टेस्ट स्क्रीनिंगच्या, म्हणजे रिलीजआधी निवडक प्रेक्षकांना दाखवून घेतलेल्या मतांच्या चिठ्ठ्या घेऊन त्याच्या टेबलावर बसण्यात. अमेरिकेत दिग्दर्शकांच्या संघटनेच्या करारानुसार दिग्दर्शकाला त्याचा कट करायला साधारण दहा आठवडे मिळतात. त्यानंतर शेवटची कात्री स्टुडिओच्या हातात. फायनल कट लिहून मिळालेले दिग्दर्शक बोटावर मोजण्याइतके.

पैसे ज्याचे पिक्चर त्याचा, याचा शेवट कुठं जातो तेही बघा. बॅटगर्ल. सुमारे नऊ कोटी डॉलर खर्चून जवळजवळ तयार झालेला पिक्चर ऑगस्ट २०२२ मध्ये वॉर्नर ब्रदर्सनं कायमचा पेटीत टाकला. विलीनीकरणानंतरच्या हिशोबात करामध्ये सूट घ्यायला तो मेलेला बरा होता. आदिल आणि बिलाल हे दोघे दिग्दर्शक निदान मोबाईलवर तरी रेकॉर्ड करून ठेवावा म्हणून सर्व्हर उघडायला गेले, तर त्यांचा प्रवेशच बंद केला होता. एडिटर म्हणून हे वाचताना माझ्या पोटात गोळा आला. कितीतरी माणसांच्या आयुष्यातला काळ त्या सर्व्हरवर होता.

आपल्या कोल्हापूरनं हा प्रश्न फार आधी हाताळलाय. खरी कॉर्नरला कॅमेरा मानस्तंभ आहे, तिथून आपण गाडी दामटत जातो. तिथं बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी होती. तिच्यात तयार झालेले दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम बाहेर पडले आणि १ जून १९२९ ला प्रभात उभी केली. भांडवलासाठी सीतारामपंत कुलकर्णी आले, पण ते एकटे मालक झाले नाहीत. पाचही जण भागीदार. सेट रंगवणारा, कॅमेरा धरणारा, दिग्दर्शन करणारा हेच मालक. १९३२ चा अयोध्येचा राजा, मराठीतला पहिला बोलपट, याच व्यवस्थेतून इथं आपल्या गावात तयार झाला. पुढं त्यांच्यातही फाटलं, १९४२ मध्ये शांताराम बाहेर पडले. भांडणं झाली असतील, पण ती पिक्चर करणाऱ्यांची आपसातली भांडणं होती. खेळणी विकणारा कुणी मध्ये नव्हता.

आणि आज आपल्याकडं काय आहे? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा कर्ता निर्माता. दिग्दर्शक नाही. २०१० च्या दुरुस्ती विधेयकात मुख्य दिग्दर्शकालाही सहकर्ता करायची तरतूद होती. २०१२ मध्ये कायदा झाला तेव्हा ती गळालेली होती. याचा परिणाम ऑगस्ट २०२५ मध्ये समोर आला. रांझणाची तमिळ आवृत्ती पिक्चरचे हक्क असलेल्या इरॉस कंपनीनं पुन्हा थिएटरात लावली, आणि मरणारा नायक एआय वापरून जिवंत केला. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि नायक धनुष दोघांनी जाहीर विरोध केला. पिक्चर लागला तो लागलाच. २०१३ मध्ये ज्या शेवटासाठी लोक रडत बाहेर आले, तो शेवट आता मालकाच्या मर्जीवर आहे. उद्या हेच एखाद्या जुन्या मराठी पिक्चरचं होणार नाही असं कुणी छातीवर हात ठेवून सांगावं.

आमच्याकडं छोट्या कामातही हे चालतं. एका संस्थेसाठी केलेल्या माहितीपटाचा शेवट दिग्दर्शिकेला न विचारता बदलून घेतला. पाण्यासाठी चालत जाणाऱ्या बायकांवर पिक्चर संपत होता, तिथं पदाधिकाऱ्यांचा सत्कार आला. नाव तिचंच राहिलं. लोकांनी फोन करून तिला विचारलं, हे तू केलंस?

म्हणून माझी मागणी साधी आहे. दिग्दर्शकानंतर दुसऱ्या कुणी पिक्चर पुन्हा कापला किंवा शूट केला असेल तर तसं श्रेयनामावलीत स्पष्ट लिहा. दिग्दर्शकाला आपलं नाव काढून घ्यायचा हक्क करारात द्या. हॉलिवूडमध्ये अशा वेळी पूर्वी ॲलन स्मिथी हे खोटं नाव लावायचे, निदान प्रेक्षकाला इशारा मिळायचा. आणि २०१० च्या विधेयकातली ती तरतूद पुन्हा चर्चेला आणा. कोल्हापुरात शॉर्टफिल्म करणारी, सिरीयलच्या युनिटवर राबणारी पोरं भरपूर आहेत, त्यातली बरीच ही पोस्ट वाचतील. करारावर सही करण्याआधी फायनल कट कुणाचा आणि नाव काढता येणार का, हे दोन प्रश्न तोंडी नको, लेखी विचारा. ज्यांच्याकडं असा नीट केलेला मराठी करारनामा असेल त्यांनी नावं, रकमा झाकून खाली कमेंटमध्ये टाका. मला आत्ताच दोघांना पाठवायचाय.