हजार झाल्यावरची एक

ताई, नमस्कार. माझ्या कथेबद्दल तुम्ही लिहिलंय, "विडीवाल्या बायकांचे हाल काय कमी आहेत, म्हणून त्यात चमत्कार घालता? माझ्या आईनं जन्मभर विड्या वळल्या, तिच्या सुपात कधी जादूची विडी आली नाही." दोन दिवस हे डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते.

कथा न वाचलेल्यांसाठी: बाई रोज हजार विड्या मोजते आणि एक जास्तच भरते, लाल दोऱ्याची. घरात लाल दोरा नाही.

ही विडी तिचं ओझं हलकं करायला आलेली नाही. मजुरी तेवढीच मिळते, कारखान्यात छाटही, म्हणजे नापास करून काढलेल्या विड्या, तेवढीच निघते. पण हजार विड्या मालकाच्या. ही एक कुणाच्याच हिशेबात नाही, तिचं काय करायचं ते बाईलाच ठरवावं लागतं. ती नवऱ्याला सांगत नाही, पदराच्या गाठीत बांधते. त्या गाठीपासून ती मला दिसायला लागली. तोवर मी नुसती विडी कामगार लिहीत होते.

तुम्हीच पुढं लिहिलंय, की काम सुटल्यावरही झोपेत आईची बोटं चालायची. अंगठा पुढं, तर्जनी मागं. पान नाही, तंबाखू नाही. मग त्या काय वळत होत्या, ताई? मला तीच जागा लिहायची होती.

आणि अचाट गोष्टी आपल्या सोलापूरला कुठं नव्या आहेत? दर संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत त्याच्या योगदंडाशी आख्यायिकेतल्या कुंभारकन्येचं प्रतीकात्मक लग्न लागतं. लहानपणापासून मी अक्षता टाकत आलेय. बाराबंदीचा पांढरा पोशाख, नंदीध्वजाच्या उंच काठ्या, त्यात कुणाचा मान कितवा, सगळं घरात ऐकलेलं. पण आदल्या रात्री ती पोरगी बापाच्या चाकाजवळ बसून काय विचार करत असेल, हे कुणी कधी सांगितलं नाही. फार वर्षं मला तिचीच चुटपुट लागून आहे.

पानाबद्दल मात्र तुमचं शंभर टक्के खरं. तेंदूचं कोरडं पान कातरलं की तडकतं, आधी भिजवून मऊ करावं लागतं. मी तिला कोरडीच पानं कातरायला लावली होती, चूक माझी. काल दुरुस्ती केली. आता ती रात्री पानं भिजवून ओल्या फडक्यात बांधते. पण सकाळी फडकं सोडल्यावर जो वास येतो, तिथं माझं वाक्य अडलंय. तुमच्या घरात तो वास रोज असणार. कसा असायचा, तेवढं कळवाल?