‘एका दिवसात कसलं वाळवंट?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, सप्रेम नमस्कार.

मस्कतहून एका दिवसात ओमानमधलं शर्कियाचं वाळवंट पाहून आल्याचा माझा लेख तुम्ही वाचलात आणि एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत. मी ती दोनदा वाचली, मग आईला मोठ्यानं वाचून दाखवली. तुम्ही सांगलीचे, आयुष्यातली बावीस वर्षं ओमानात काढलेले. तुम्हाला दोन ओळींत उत्तर देणं मला बरं वाटलं नाही.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काकांचं म्हणणं असं की, सकाळी समुद्र, दुपारी वाळू आणि रात्री परत मस्कत म्हणजे पंढरपूरला जाऊन नुसता कळस बघून माघारी फिरण्यासारखं. भाऊ तिथंच नोकरीला असताना भाड्यानं गाडी घेऊन आपलं आपण जायचं सोडून आम्ही गाइडला पैसे दिले. तंबूतली कॉफी हा पर्यटकांसाठी मांडलेला देखावा. टेकड्यांवरून गाडी उडवल्याचं मी केलेलं वर्णन बेजबाबदार. आणि शेवटी, ‘माणदेशातल्या माणसानं कोरडं रान बघायला परदेशात पैसे घालवावेत याचं नवल वाटतं.’

त्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण ते मला लागलं.

मी साताऱ्यात राहते, पण गाव दहिवडीच्या पलीकडं. आमच्या एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आमच्या माणात ५०० च्या आसपास, तोही पडला तर. आईची सगळी हयात तिथं गेली. ती अडुसष्ट वर्षांची आहे. कोरड्या रानात काय उगवतं, जनावर काय खातं, पाणी कुठं सापडतं हे तिला जेवढं कळतं तेवढं मला पुस्तकं वाचून कळणार नाही. म्हणूनच तिला घेऊन जायचं होतं. ज्याच्या शिवारात बारा महिने पाणी वाहतं त्याला वाळवंट म्हणजे फोटो. आईला ते ओळखीच्या माणसाच्या घरी गेल्यासारखं होतं.

लेखात मी एक प्रसंग नीट लिहिलाच नाही. तो लिहिला असता तर कदाचित तुमची प्रतिक्रिया वेगळी आली असती, म्हणून आता लिहिते.

दुपारचे साडेतीन-चार झाले असतील. आम्ही एका उंच टेकडीच्या माथ्यावर बसलो होतो. उत्तरेकडच्या भागात या टेकड्या शंभर मीटरपर्यंत चढतात. वरून दिसतं की त्या कशाही विखुरलेल्या नाहीत. नांगरटीच्या तासासारख्या लांबच लांब रांगा आहेत, दक्षिणेकडून उत्तरेकडं गेलेल्या. आईनं नेमकं तेच विचारलं, की ह्या सरी कुणी पाडल्या. गाइड तिथलाच, बिदियाचा, वाळूच्या काठावर वाढलेला. हिंदी चांगली बोलायचा. त्यानं बोटानं वाळूवर रेघा ओढल्या आणि म्हणाला, “अम्मा, हवा ने. गर्मी में समंदर की तरफ से आती है, जून से सितंबर. खरीफ.”

आई माझ्याकडं वळली. “आगं, ह्यो तर आपलाच खरीप!”

तो शब्द आपल्याकडं आला तो अरबीतूनच, काका. अरबीत खरीफ म्हणजे शरद ऋतू आणि रबी म्हणजे वसंत. आपल्या सातबाऱ्यावर, पीकपाहणीवर, पीकविम्याच्या अर्जावर आपण ते दोन शब्द आयुष्यभर लिहितो. ओमानात नैऋत्य मोसमी वाऱ्याच्या हंगामालाच खरीफ म्हणतात. तुमच्या ओळखीच्या, दक्षिण ओमानातल्या सलालाहला त्या दिवसांत डोंगर हिरवे होतात. हाच वारा शर्कियाच्या वाळूला रांगेत बसवतो. तिथं तो पाऊस देत नाही. त्या दिवसांत ओमानच्या किनाऱ्याला समुद्राच्या खोलातलं थंड पाणी वर येतं, त्यावरची हवा गारच राहते, वर चढत नाही आणि ढग मोठे होत नाहीत. पुढं अरबी समुद्र ओलांडता ओलांडता वारा पाणी पितो, सह्याद्रीला धडकतो, महाबळेश्वर-कोयनेला सगळं ओततो आणि आमच्या माणात रिकामा येऊन पोचतो.

हे मी आईला तिथंच, त्या टेकडीवर बसून समजावून सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. जून लागला की पश्चिमेला तोंड करून ढगांकडं बघत उभी राहिलेली आई मी लहानपणापासून पाहिली आहे. शेवटी ती म्हणाली, “म्हंजी त्यो हितनं जातो व्हय.” आणि मूठभर वाळू उचलून तिनं पदराच्या टोकाला बांधली. ती वाळू आमच्या गावच्या देव्हाऱ्यात आहे.

त्या शब्दासाठी आम्हाला गाइड लागला. भाऊ सहा वर्षं मस्कतमध्ये आहे, गाडी उत्तम चालवतो, पण त्या रेघा त्यानं ओढल्या नसत्या. मलाही तोवर त्या टेकड्या म्हणजे नुसत्या सुंदर टेकड्या होत्या.

हे मला आपल्या कासवरून पुरतं पटलेलं आहे. साताऱ्यापासून पंचवीस किलोमीटरवर हे पठार. पश्चिम घाटाबरोबर २०१२ साली ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि तेव्हापासून सप्टेंबरात पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रीघ लागते. लोक दोन तास येतात, तेरड्याचा गुलाबी गालिचा बघतात, फोटो काढतात आणि जातात. पण त्यांतल्याच एखाद्या कुटुंबानं आसपासच्या गावातला पोरगा वाटाड्या म्हणून बरोबर घेतला, तर तो त्यांना गुडघ्यावर बसवतो. चिखलात बोटाच्या पेराएवढी दवबिंदू दाखवतो, तिच्या पानावरच्या चिकट थेंबाला डकलेली चिलटं दाखवतो. सीतेची आसवं ही सुद्धा किडे खाणारी वनस्पती आहे आणि तिचे सापळे मातीखाली असतात, हे सांगतो. टोपली कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच का फुलते ते सांगतो. दोन तास तेच, पठारही तेच. त्या कुटुंबानं कास बघितलं नाही असं मी म्हणू शकत नाही. उलट, आठवडाभर तंबू ठोकून राहिलेला पण खाली न बसलेला माणूस मला माहीत आहे, त्यानं दवबिंदू पाहिलेली नाही.

स्वतः गाडी घेऊन जाण्याबद्दल. भाऊ पहिल्या वर्षी मित्रांबरोबर असाच गेला होता. गाडी फोर बाय फोर होती, चालवणारा तरबेज होता, पण टायरची हवा कमी केली नव्हती. डांबरी रस्त्यावरच्या हवेनं टायर वाळूत सुरीसारखा घुसतो. हवा पंधरा-अठरा पौंडांवर आणली की तो पसरतो आणि वाळूवर तरंगतो. त्यांची चाकं अॅक्सलपर्यंत रुतली. उकरलं तेवढी आणखी खाली गेली. मोबाइलला रेंज नव्हती. अडीच तासांनी एक पोरगा पिकअप घेऊन आला, त्यानं आधी शांतपणे चारही टायरची हवा सोडली, मग गाडी ओढली. पैसे घेतले नाहीत. जानेवारी होता म्हणून निभावलं. तुम्ही बावीस वर्षांत वाळू वाचायला शिकलात, ती तुमची कमाई आहे. पण ती नसलेल्या वाचकाला ‘गाडी घ्या आणि जा’ असा सल्ला मी देणार नाही. आणि अडुसष्ट वर्षांच्या, गुडघ्यांचा त्रास असलेल्या बाईला बरोबर घेऊन तर नक्कीच नाही. तुमच्यासारखा जाणता माणूस बरोबर असता तर आम्ही गाइड घेतला नसता, कारण मग तुम्हीच आमचे गाइड झाला असता.

आता एका दिवसाबद्दल. भावाला एकच सुट्टी होती आणि आईच्या व्हिसाचे दिवस मोजके. रात्री वाळूत मुक्काम केला असता तर आभाळ बघायला मिळालं असतं, हे तुमचं म्हणणं मी मान्य करते. पण जाऊन-येऊन चारशेहून जास्त किलोमीटरच्या त्या दिवसात वाट काही रिकामी गेली नाही. वाटेतल्या इब्रा गावाला थांबलो तेव्हा बुधवार होता, म्हणजे तिथल्या बायकांच्या बाजाराचा दिवस. विकणाऱ्या बायका, घेणाऱ्या बायका. गाइड आणि भाऊ बाहेरच थांबले. तिथं मात्र आईला कुणाची गरज पडली नाही. तिला अरबी येत नाही, त्यांना मराठी येत नाही, आणि वेलदोड्यावरून पाऊण तास घासाघीस चालली. दोन्ही बाजू खूश. मग वादी बनी खालिद: उघड्याबोडक्या डोंगरांच्या मधोमध बारमाही पाण्याचे हिरवे डोह आणि खजुराच्या बागा. तिथं आईनं पोहणाऱ्यांकडं पाहिलं नाही. ती पाटाच्या कडेनं चालत गेली. ते पाट म्हणजे फलज, डोंगरातून उतारानं पाणी खेळवत आणायचे आणि पाळीपाळीनं वाटून घ्यायचे. ओमानमधले असे पाच फलज २००६ साली जागतिक वारशात गेले, आणि चालू असलेले हजारो आहेत. पाणी कुणाला किती वेळ मिळतं आणि भांडण झालं तर कोण मिटवतो, हे तिनं गाइडला विचारून विचारून काढून घेतलं. टँकरच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बाईचे प्रश्न होते ते.

तंबूबद्दल तुमचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. तो तंबू पर्यटकांसाठीच होता, कॉफीचे पैसे आमच्या भाड्यात धरलेले होते, आणि मी लेखात ‘बदाऊनी (वाळवंटातल्या भटक्या लोकांनी) आम्हाला घरी बोलावलं’ असं लिहिलं. ते चुकलं. मी ते वाक्य दुरुस्त केलं आहे. पण घरची बाई खरी होती, चेहऱ्यावर तिकडचा बुरखा होता, शेळ्या तिच्या होत्या. आईनं शेळ्यांचे दात बघितले, वय सांगितलं, आणि ते बरोबर निघालं. वेलदोड्याची कॉफी चार वेळा पिऊन झाल्यावर गाइडनं खूण केली की पुरे असेल तर कप जरा हलवायचा, नाहीतर ती ओततच राहील. पुढं तिनं सांगितलं की तिचे सासू-सासरे उन्हाळा लागला की जनावरं घेऊन वाळूतून बाहेर पडत आणि खजुराच्या तोडणीला बागांकडं जात. आई म्हणाली, आमच्याकडचे मेंढके दिवाळी झाली की मेंढ्यांचा वाडा घेऊन असेच चाऱ्याकडं निघतात, परत येतात पावसाळ्याला. दोघींमध्ये गाइड बसून हिंदीतून अरबीत, अरबीतून हिंदीत करत होता, आणि मी हिंदीतून माणदेशीत. पैसे देऊन सुरू झालेली भेट शेवटपर्यंत पैशाचीच राहते असं नाही, काका. मी पंधरा वर्षं बँकेत काउंटरवर बसले आहे, हे मला माहीत आहे.

आणि गाडी उडवण्याबद्दल तुम्ही पूर्ण बरोबर आहात. लिहिताना मला फक्त मजा आठवली. परत आल्यावर वाचलं की १९८६ च्या सुमारास लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीच्या मोहिमेनं याच वाळूत दीडशेच्या आसपास स्थानिक वनस्पती आणि हजारो किडे-कीटक नोंदले. साडेबारा हजार चौरस किलोमीटरची ती वाळू रिकामी नाही. दवावर जगणारी झुडपं आहेत, बिळं आहेत, आणि चाक त्यांच्यावरूनच जातं. कासवर लहानपणी आमच्याच जीपची चाकं फुलांवरून गेलेली मला आठवतात, तेव्हा कुणी अडवायचं नाही. आज तिथं कुणी गाडी घातली तर माझा जीव तुटतो. वाळूच्या बाबतीत मला तो का तुटला नाही, याचं उत्तर माझ्याकडं एवढंच आहे की मला ती ओळखीची नव्हती. लेखातला तो परिच्छेद मी काढून टाकला आहे आणि तिथं लिहिलं आहे की ठरलेल्या वाटेनंच चला, टेकड्या उडवायला गाइडला सांगू नका.

कळसाचं तेवढं राहिलं. माझी आजी एका आषाढीला गर्दीमुळं गाभाऱ्यापर्यंत पोचली नाही. तिनं चंद्रभागेत स्नान केलं, कळसाला हात जोडले आणि दिंडीबरोबर माघारी आली. गावात बायका तिच्या पाया पडल्या. ‘तू पंढरीला गेली नाहीस’ असं तिला कुणी म्हणालं नाही.

जाता जाता आईचा एक प्रश्न. तुम्ही प्रतिक्रियेत वाळूच्या पूर्व कडेच्या गाफच्या झाडांच्या जंगलाबद्दल लिहिलंत, आमच्या वाटेवर ते नव्हतं. पण बिदियाजवळ रस्त्याकडेला एक गाफ दिसला आणि आईनं गाडी थांबवायला लावली. ती सौंदड होती. आपण दसऱ्याला पुजतो ती शमी, खोल मुळांची. आमच्या म्हसोबाच्या देवळामागं एक आहे, अख्ख्या गावात आता तेवढीच उरली, बाकी सगळी वेडी बाभूळ. तिला रोपं करायची आहेत. तुम्ही इतकी वर्षं त्या जंगलाजवळ राहिलात, तिथले लोक बी कसं रुजवतात, शेळीच्या पोटातून आलेलं घेतात की शेंगेतलं, हे आठवत असेल तर सांगा. शेंगा वाळत आल्या की मी गावी जाणार आहे.