त्या जपानी स्टेशनचा फॉरवर्ड आता पुरे

आत्याने ग्रुपवर पुन्हा तेच टाकलंय. जपानच्या होक्काइदो बेटावर कामि-शिराताकी नावाचं आडबाजूचं स्टेशन, प्रवासी एकच, शाळेत जाणारी मुलगी. तिचं शिक्षण संपेपर्यंत रेल्वेने म्हणे स्टेशन चालू ठेवलं, गाड्याही तिच्या शाळेच्या वेळेला लावल्या. खाली हात जोडलेले इमोजी आणि ‘आपल्याकडे असं कधी होणार?’ जानेवारी २०१६मध्ये चीनच्या सरकारी वाहिनीच्या फेसबुक पानावरून ही गोष्ट जगभर गेली, ती अजून फिरतेच आहे.

मुळात स्टेशनच चुकीचं. तैवानच्या ‘ॲपल डेली’ने तेव्हाच छापलं होतं की ती मुलगी चढायची क्यू-शिराताकीला, आणि शाळेची आणखी दहाएक मुलं तिच्यासोबत असायची. म्हणजे ‘एकटी प्रवासी’ही गेली. कामि-शिराताकीला दिवसातून जाणारी एक आणि येणारी एकच गाडी थांबायची, हे खरं. पण ते चढणारं कुणी उरलं नव्हतं म्हणून.

मुलगी खरी होती, त्या मार्चमध्ये तिची शाळा संपली, हेही खरं. बरं, मान्य.

डोकं फिरतं ते ‘तिच्यासाठी थांबले’ यावर. स्टेशन बंद झालं २६ मार्च २०१६ला. त्या दिवशी जपानभर रेल्वेचं नवं वेळापत्रक लागू झालं. ते साधारण दर मार्चमध्ये बदलतं, आणि तिथलं शाळेचं वर्षही मार्चमध्येच संपतं. जुळलं ते एवढंच. त्याच दिवशी त्याच मार्गावरची कामि, क्यू आणि शिमो अशी तिन्ही शिराताकी एका फटक्यात बंद झाली. बाकीची दोन कुणाच्या पदवीदानाची वाट पाहत होती? आणि नेमक्या त्याच दिवशी याच कंपनीने, जेआर होक्काइदोने, बुलेट ट्रेन होक्काइदोत आणली. त्याच वर्षी नोव्हेंबरात कंपनीनेच जाहीर केलं की जवळपास निम्मं जाळं, बाराशे किलोमीटरहून जास्त, एकटीच्या बळावर चालवणं जमणार नाही. यात या स्टेशनांचा सेकिहोकू मार्गही आला. आज त्या मार्गावर कामिकावाहून सुटलेली गाडी शिराताकीपर्यंत (हे मूळ स्टेशन चालू आहे) ३७.३ किलोमीटरमध्ये एकाही स्टेशनात थांबत नाही, कारण मध्ये स्टेशनच नाही. पुण्याहून निघालेल्या लोकलने तळेगाव ओलांडल्यावर पहिला थांबा घ्यावा, तसं. गावं ओस पडताहेत, रेल्वे आवरतं घेतेय, आणि आपण त्याच कंपनीच्या माणुसकीला हात जोडतोय.

राहिलं ‘आपल्याकडे’. राज्य सरकारच्या मानव विकास मिशनच्या निळ्या एसट्या खेड्यातल्या मुलींना शाळेत नेतात, फुकट. त्या वेळेवर येत नसतील तर आगारात जाऊन भांडा ना. त्याला होक्काइदो कशाला हवं?