'इतर' या रकान्याबद्दल

सकाळी सकाळी भाच्याने एक्सेल पाठवलं. नोकरी लागलीय दुसऱ्या शहरात, महिन्याभरात बायको आणि दोन वर्षांच्या लेकीला घेऊन बिऱ्हाड हलवायचंय. खाली मेसेज: "आत्या, बजेट रेडी. तू उगाच घाबरवत होतीस."

उघडलं. तीन ओळी. ट्रक. तिकिटं. इतर. आणि 'इतर'च्या पुढे ट्रकच्या एक दशांश असेल नसेल एवढा आकडा.

मघापासून त्या 'इतर'कडे बघतेय आणि डोकं तापतंय. तुम्ही बहुतेक सगळे घर हलवून पोळलेली माणसं, 'इतर'मध्ये काय काय दडलेलं असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. तरी सांगणार. कारण त्याला फोनवर सांगायला गेलं की तो "हो आत्या, हो आत्या" करतो आणि मागे टीव्ही चालू असतो.

आमच्या कपाटाची गोष्ट ज्यांना पाठ आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा.

अकरा वर्षांपूर्वी आम्ही घर हलवलं, जवळपास अकराशे किलोमीटर. वडिलांचं लोखंडी कपाट होतं. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद, रिकामं असलं तरी चार माणसांना घाम फोडणारं. सामान बघायला आलेला माणूस म्हणाला, "मॅडम, हे इथेच द्या कोणाला तरी, तिकडे नवीन घ्या." मी त्याच्यावर अशी उखडले की तो बिचारा पुढचं सामान मुकाट्याने लिहीत सुटला. कपाट गाद्यांमध्ये गुंडाळून चढलं, अकराशे किलोमीटर गेलं, धड उतरलं, आणि नव्या इमारतीच्या जिन्यात पहिल्याच वळणावर अडकलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. तिरकं केलं, उभं केलं, दारं काढली. नाही म्हणजे नाही. एक जण म्हणाला, दोरीने गॅलरीतून घेऊ. गॅलरीला ग्रिल. मी दार मोजून ठेवलं होतं हो! फ्लॅटचं दार, दोनदा. जिना मोजायचा असतो हे कोणी सांगितलंच नव्हतं.

ट्रकचा आकडा सगळ्यांना दिसतो, कारण तो कोणीतरी आपल्याला लिहून देतं. बाकीचे आकडे आपले आपण शोधायचे असतात. आणि मुख्य म्हणजे ते सामानाचे नसतात, दिवसांचे असतात. जुनं घर सुटलेलं, नवं हातात आलेलं नाही, किंवा हातात आलंय पण सामान वाटेत आहे, असे दिवस. आमचे असे नऊ दिवस गेले. ठरलं होतं चार.

का गेले? आम्ही स्वस्त म्हणून पार्ट लोड घेतलं. म्हणजे ट्रक आपला एकट्याचा नाही, आणखी दोन-तीन घरांचं सामान भरल्यावरच तो हलणार. वाटेत गोडाऊनमध्ये उतरवून दुसऱ्या गाडीत चढवणार, म्हणजे तुमच्या मिक्सरच्या खोक्याला आणखी दोनदा हात लागणार. तारीख विचारली की "चार ते दहा दिवस" असं उत्तर येतं, आणि आपण आशेने फक्त 'चार' ऐकतो. पूर्ण गाडी महाग पडते, मान्य. पण फरक मोजताना वाढीव दिवसांचं राहणं, खाणं, बुडालेली रजा त्यात कोण धरतं? आमच्यात कोणी धरलं नव्हतं. (आमच्यात म्हणजे यांनी. कोट यांनी फायनल केला होता. हे इथे वाचतील, वाचू देत.)

माझी त्या वेळची वही अजून आहे. ट्रकचे पैसे 100 धरले तर बाकीचं असं होतं: दोन्हीकडचं भाडं एकाच वेळी चालू राहिलं त्याचे 45. घर शोधायला आधी मारलेल्या दोन फेऱ्यांचे 30. नऊ दिवस राहण्या-खाण्याचे 40. पहिल्या महिन्यातल्या फुटकळ खरेदीचे 35. आणि जिने चढवण्याची जास्तीची हमाली 10. बेरीज करा. 260. माझा भाचा 'इतर' म्हणून 10 धरून बसलाय!

आणि यात डिपॉझिट नाहीच. ते परत मिळतं म्हणून खर्चात धरत नाहीत, बरोबर. पण नव्या घराचं आधी भरावं लागतं आणि जुन्याचं नंतर मिळतं. तेही भिंतीवरच्या खिळ्यांच्या भोकांवरून हुज्जत घालून झाल्यावर. मधले आठवडे दोन्ही डिपॉझिटं दुसऱ्यांच्या खिशात. कंपनी शिफ्टिंगचे पैसे देणार म्हणून तो निवांत आहे, पण बहुतेक कंपन्या आधी खर्च करा, बिलं लावा, मग देतो अशाच असतात. म्हणून मी त्याला सांगत होते की बाबा, कशाचा खर्च यापेक्षा कोणत्या तारखेला किती हातात लागतील ते लिही. तारखांचा रकाना कर. ॲडव्हान्स कधी, डिपॉझिट कधी, नोटीस कधी द्यायची, पगार कधी. एकूण बेरीज जमत असूनही अमुक तारखेला खात्यात खडखडाट, हे होतं. आमचं झालंय. महिन्याच्या सव्वीस तारखेला हमालांना द्यायला रोख नाही म्हणून मी शेजारच्या अनोळखी बाईंचं दार वाजवलंय. कपाट जिन्यात, मी त्यांच्या दारात.

त्या बाईंनी दिले. पाणीही दिलं सगळ्यांना. असो.

आता जरा मूव्हर्सवाल्यांकडे वळते. फोनवर "किती सामान?" "टू बीएचके." "ठीक आहे, एवढे होतील." याला कोट म्हणत नाहीत. घरी येऊन कपाटं, माळे उघडून बघणारा, यादी करणारा, ती यादी सही करून देणारा, त्याचा आकडा खरा. नाहीतर सामान ट्रकमध्ये चढल्यावर "मॅडम, हे जास्त निघालं" सुरू होतं, आणि तेव्हा तुमच्या गळ्यावर सुरी असते, कारण तुमची गादी त्याच्या गाडीत असते. कोटमध्ये काय काय नाही ते आधी विचारायचं. जिन्याचे वेगळे का? गाडी दारापर्यंत येत नसेल तर छोटा टेम्पो लागेल, तो कोणाच्या खर्चाने? गाडी थांबून राहिली तर? गोडाऊनमध्ये राहिलं तर दिवसाचे किती? सगळेच चोर नसतात. आमच्याकडे आलेले चार हमाल तर इतके गुणी होते की त्या जिन्यात मीच रडायला लागले तेव्हा ते कपाट खाली ठेवून गप्प उभे राहिले.

विमा. "ट्रान्झिट इन्शुरन्स आहे ना" एवढं विचारून लोक झोपतात. अरे, किती किमतीवर आहे? बऱ्याच पॉलिसींमध्ये असं असतं की हप्ता वाचवायला तुम्ही सामानाची किंमत निम्मी लिहिली, तर नुकसानही निम्मंच भरून मिळतं. आणि तुम्ही स्वतः भरलेलं खोकं फुटलं तर "पॅकिंग तुमचं होतं" म्हणून हात वर करतात. काचेचं त्यांना भरू दे. कपडे तू भर. फोटो आज काढ, टीव्ही चालू असतानाचा, फ्रिजच्या चारही बाजूंचा. दागिने, दाखले, औषधं, मुलीचं आवडतं पांघरूण हे ट्रकमध्ये जाणार नाही, अंगाबरोबर जाईल. हे पांघरुणाचं मी गमतीत लिहीत नाहीये. नऊ दिवस आमचा मुलगा झोपला नव्हता.

पुस्तकं मोठ्या खोक्यात भरू नकोस. आम्ही पंचेचाळीस सेंटिमीटरचं चौकोनी खोकं पुस्तकांनी गच्च भरलं आणि ते उचलताना बुडातून सुटलं. पुस्तकांना छोटी खोकी, उशांना मोठी. आणि उशा कुरिअरने पाठवायचं डोक्यातून काढून टाक. कुरिअरवाले वजनाबरोबर आकारमानही मोजतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000 ने भागायची, ही त्यांची नेहमीची रीत. 60 बाय 50 बाय 40 चं खोकं म्हणजे 24 किलो. आत तीन किलोच्या उशा असल्या तरी बिल चोवीसचं.

फ्रिज आदल्या दिवशी बंद, बर्फ वितळवून, आतून कोरडा पुसून. गाडीत उभा. आडवा न्यावाच लागला तर पोचल्यावर काही तास उभा ठेवायचा, मगच चालू करायचा, कारण कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांमध्ये गेलेलं असतं. आणि फ्रंट लोड वॉशिंग मशीन! त्याच्या पाठीमागे नवं आलं तेव्हा तीन-चार लांब बोल्ट होते, आतला ड्रम धरून ठेवायला. ते काढून मशीन बसवतात आणि बोल्ट कुठे जातात? आमचे पडद्याच्या रिंगांच्या डब्यात सापडले. शिफ्टिंग झाल्यावर. मशीन पहिल्यांदा फिरायला लागलं तेव्हा खालच्या मजल्यावरचे वर आले.

म्हणजे बघ, दुरुस्तीही 'इतर'मध्येच.

आता कोणीतरी कमेंटमध्ये येणारच: "सगळं विकून टाकायचं, दोन बॅगा घेऊन निघायचं." बरोबर आहे तुमचं. तुम्ही एकटे असाल, भाड्याच्या फर्निचरवर राहत असाल, तर खरंच विका. जुना सोफा अकराशे किलोमीटर नेण्यापेक्षा तिकडे जुना सोफा घेतलेला परवडतो, एवढा हिशेब मलाही कळतो. तो सामान बघायला आलेला माणूस बरोबर होता, हेही आज लिहून टाकते. कपाट नेण्याच्या खर्चात तिकडे नवं आलं असतं.

पण ते कपाट मी कपाट म्हणून नेतच नव्हते. डाव्या दाराच्या आतल्या बाजूला वडिलांनी एक कागद चिकटवला होता. दर महिन्याचं विजेच्या मीटरचं रीडिंग, तारीख, किती युनिट जळले. बारीक अक्षर, निळं बॉलपेन, कुठे शेजारी "पाहुणे" असं लिहिलेलं. म्हणजे त्या महिन्यात युनिट का वाढले त्याचं कारण. एका महिन्यापुढे माझं नाव आणि "परीक्षा, रात्री दिवा". मी अभ्यासाला जागत होते तेव्हा हा माणूस सकाळी चष्मा लावून मीटर वाचत होता आणि मला एका शब्दाने बोलला नाही. त्यांनी 'इतर' असा रकाना जन्मात केला नसता.

कपाट चार महिने जिन्याखाली उभं होतं. सफाईवाल्याने त्यात झाडू ठेवायला सुरुवात केली. मग सोसायटीची नोटीस आली, आणि भंगारवाला आला. त्याच्या आधी मी खाली जाऊन तो कागद सोडवायला बसले, ओल्या फडक्याने, मग सुरीच्या पात्याने. अख्खा निघाला नाही. वरच्या सात ओळी दाराबरोबर गेल्या. उरलेला त्या वहीत आहे, 260 च्या बेरजेच्या शेजारी.

एवढं सगळं टाइप करेपर्यंत दुपार झाली, राग बराचसा उतरला. पोरगं वाईट नाही. तीन ओळींचं का होईना, केलं तरी त्याने. आम्ही तर पाकिटाच्या पाठीवर केलं होतं. त्याला म्हटलं, इतर खोड, त्या जागी तारखा घाल, सगळ्याच्या वर वीस टक्के सुटे ठेव, आणि नव्या घराचा जिना मोजून घे.

आत्ता उत्तर आलंय: "आत्या, आमच्याकडे कपाट नाहीये गं."

पलंग आहे ना? मोज.