२१ दिवसांचा मंत्र आणि न सुचणारे विषय

नियमित लेखन करू इच्छिणाऱ्यांसाठी एक सल्ला बराच काळ हातोहात फिरतो आहे. त्याचा आशय असा: सलग २१ दिवस लिहा म्हणजे सवय लागते, मध्ये एक दिवस जरी चुकला तरी मोजणी पहिल्यापासून सुरू करा, मनापासून वाटेल तेव्हाच लिहा, कारण ओढूनताणून लिहिलेल्यात जीव नसतो, आणि विषयच सुचत नसतील तर आपल्याकडे सांगण्यासारखे काही नाही हे मान्य करा. पहिली आणि तिसरी सूचना एकमेकींना छेद देतात, हे सल्ला पुढे पाठवणाऱ्यांच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

आधी २१ या आकड्याविषयी. तो मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून आला. शस्त्रक्रियेनंतर स्वतःच्या नव्या चेहऱ्याला सरावायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यातला ‘किमान’ हा शब्द वाटेत गळाला आणि आरशातल्या चेहऱ्याविषयीची गोष्ट लेखनाला येऊन चिकटली. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा १२ आठवडे मागोवा घेतला, तेव्हा एखादी कृती अंगवळणी पडायला लागणाऱ्या काळाचा मध्यांक ६६ दिवस निघाला. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाचा हिशेब २५४ दिवसांवर गेला. त्यातही या कृती होत्या जेवताना पाणी पिणे, थोडे धावणे अशा, म्हणजे रोज तशाच्या तशा करता येण्याजोग्या. टेबलाशी बसण्याची सवय लागू शकते, वाक्य सुचण्याची नाही.

एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात म्हणण्यासारखा फरक पडत नाही, हेही याच अभ्यासात आढळले. मोजणी शून्यावर नेण्याचा नियम मात्र बाराव्या दिवशी ताप आलेल्या माणसाला तेराव्या दिवशी लेखन सोडण्याचे निमित्त पुरवतो.

‘मनापासून वाटेल तेव्हाच’ हा मुद्दा सर्वांत लोकप्रिय आणि माझ्या मते सर्वांत घातक आहे. रॉबर्ट बॉइस या मानसशास्त्रज्ञाने १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २७ प्राध्यापकांचे तीन गट होते. एका गटाने तातडीचे सोडून काहीच लिहायचे नव्हते, दुसऱ्याने वाटेल तेव्हा लिहायचे होते, आणि तिसऱ्याने ठरल्या वेळी लिहिलेच पाहिजे, नाहीतर नावडत्या संस्थेला पैसे पाठवायचे, अशी अट होती. वाटेल तेव्हा लिहिणाऱ्यांची दिवसाला सरासरी ०.९ पाने झाली, सक्तीने लिहिणाऱ्यांची ३.२. खरी मेख पुढे आहे: नव्या कल्पना पहिल्या गटाला साधारण पाच दिवसांतून एक, दुसऱ्याला दोन दिवसांतून एक आणि सक्तीच्या गटाला रोज एक सुचली. २७ माणसांवरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे खरे. पण ‘ओढूनताणून लिहिल्याने कल्पना आटतात’ या ठाम विधानाला हा प्रयोग पुरता उलटा जातो. प्रेरणा लेखनाच्या आधी दारात उभी राहतेच असे नाही, बहुधा ती तिसऱ्या परिच्छेदाच्या आसपास येते.

उरला विषयांचा प्रश्न. आपल्या मताविरुद्ध जाणारे निरीक्षण किंवा विचार आढळला की तो तत्काळ टिपून ठेवण्याचा नियम चार्ल्स डार्विन यांनी पाळला होता, कारण अशा गोष्टी अनुकूल गोष्टींपेक्षा लवकर विसरल्या जातात असा त्यांचा अनुभव होता. विषय नसणे आणि विषय टिपलेला नसणे यांतला फरक इथे दिसतो. टिपण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. माझ्या वहीत एका पानावर नुसते ‘लिफ्ट’ असे लिहिलेले आहे आणि त्यातून मला काय म्हणायचे होते ते आज कितीही आठवले तरी सांगता येत नाही. दोन पाने पुढे ‘लिफ्टमध्ये शिरताच माणसे चालू बोलणे अर्धवट का सोडतात, आणि बाहेर पडल्यावर ते तिथूनच पुढे चालू करतात का?’ अशी नोंद आहे. तिच्यावर तीन पाने लिहून झाली, आणि त्यांतली शेवटची दोन लिफ्टविषयी नाहीतच.